शून्यावर थांबलेला पारा

आमच्या शाळेत फ्रीज नाही. त्यामुळे दहावीच्या वर्गाला बर्फ वितळताना दाखवायचा असेल तर तो माझ्या घरून येतो. मी क्रांती चौकाजवळ राहते आणि शाळा पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्याला लागून आहे. आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ट्रे लावायचे, सकाळी बर्फ स्टीलच्या डब्यात भरायचा, डब्याला टॉवेल, टॉवेलवर जुनी शाल, आणि ते बोचकं स्कूटीवर पायांपाशी ठेवून निघायचं. छावणीतल्या गर्दीत शेजारचे रिक्षावाले बोचक्याकडे संशयाने बघतात. शाळेत पोचेपर्यंत डब्यात बरंचसं पाणी झालेलं असतं. मला ते चालतं, माझ्या प्रयोगाला बर्फ आणि पाणी दोन्ही लागतात.

शिकवण्याबद्दल भरभरून बोलणाऱ्यांपैकी मी नाही. धडा आला की शिकवायचा, प्रयोग आला की करून दाखवायचा, मुलांनी चोखायला बर्फ मागितला की नाही म्हणायचं. पण हा एक प्रयोग मला मनापासून आवडतो, कारण त्यात बराच वेळ काहीच होत नाही. बीकरमध्ये बर्फ घालायचा, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, बर्फात थर्मामीटर उभा करायचा, ढवळत राहायचं आणि दर मिनिटाला पारा वाचायचा. खाली जाळ चालू आणि पारा शून्यावर. पुढच्या मिनिटालाही शून्यावर, आणि त्याच्या पुढच्याही. सगळी उष्णता बर्फाचं पाणी करण्यातच खर्ची पडते, म्हणून शेवटचा खडा वितळेपर्यंत पारा जागचा हलत नाही. पुस्तकात त्या उष्णतेला अप्रकट उष्मा असं भारदस्त नाव आहे. बर्फ संपला की पारा चढायला लागतो. तोवर मुलं जांभया देतात, एकमेकांना चिमटे काढतात. मी त्यांना कंटाळू देते.

एक भानगड मात्र दरवर्षी असते. आमच्याकडे प्रयोगवही प्रयोगाच्या आधी भरायची पद्धत आहे. थोरल्या बहिणीची किंवा शेजारच्या दादाची गेल्या वर्षीची वही आणायची आणि निरीक्षणांचा तक्ता वळणदार अक्षरात उतरवून मोकळं व्हायचं. मग प्रयोगाच्या दिवशी पाऱ्याकडे बघतंय कोण? वहीत बघायचं आणि आकडा सांगायचा. आमचं शहर उंचावर आहे, इथं पाणी शंभर अंशांना पोचायच्या जरा आधीच उकळतं. पण आमच्या शाळेतल्या एकूणएक वह्यांत ते बरोब्बर शंभराला उकळतं. शेवटी मी उपाय काढला. प्रयोगाच्या दिवशी सगळ्या वह्या गोळा करायच्या, कपाटात टाकायच्या आणि कुलूप लावायचं. त्या दिवशी वर्गात माझ्याबद्दल काय बोललं जातं हे मला ऐकू येतं, पण मी कानाडोळा करते.

गेल्या हिवाळ्यात हा प्रयोग होता तेव्हा पारा वाचायला मी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला पुढे बोलावलं. त्यात माझी सोय होती. मला चाळिशी लागली आहे. लांबचं लख्ख दिसतं, जवळचं मुंग्यांसारखं. चष्मा पर्समध्ये असतो आणि बहुतेक वेळा तिथंच राहतो, कारण तो लावला की मी माझ्या थोरल्या आत्यासारखी दिसते आणि आत्याबद्दल माझं मत चांगलं नाही. तेव्हा थर्मामीटरवरचा आकडा मला दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकावाच लागतो. या मुलीचा आवाज खणखणीत होता. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. आजोबा कळप घेऊन फिरायचे. वडिलांकडे आता थोडीच जनावरं उरली होती आणि ते पलीकडच्या एका प्लॉटिंगवर वॉचमन होते. माळावर हाका मारून तयार झालेला आवाज होता तो. शिवाय पोरगी हुशार. एकदा ऐकलं की पाठ. उंचीप्रमाणे बसवायच्या आमच्या नियमामुळे ती मागे बसायची, एवढंच.

माझा आणखी एक नियम आहे. दिवा पेटला की वाचणाऱ्याने टेबलापासून हातभर लांब उभं राहायचं. एकदा एका मुलीची ओढणी थोडक्यात वाचली होती, तेव्हापासून. शेवटच्या बाकावरची ही मुलगीही नियमाप्रमाणे हातभर लांब, ताठ उभी राहिली. एक मुलगा फळ्यावर आकडे लिहायला उभा केला. मी घड्याळ धरलं.

"शून्य," ती म्हणाली. पुढच्या मिनिटाला "एक". मग "दोन", मग "साडेतीन". आवाज असा ठाम की कुणालाही पटावं. मी बीकर ढवळत होते, लक्ष मागच्या दोघांवर होतं, ते बर्फाचा खडा पळवायच्या बेतात होते. "पाच." "सात." मी फळ्याकडे पाहिलं. आकडे पायऱ्या चढल्यासारखे छान वर चालले होते. मग बीकरमध्ये पाहिलं. बर्फ तरंगत होता, चांगला ओंजळभर. बर्फ तरंगतोय आणि पारा सातावर, हे होऊच शकत नाही.

आधी मी थर्मामीटरवर संशय घेतला. वस्तूवर संशय घेतला की कुणाला वाईट वाटत नाही. पण खात्री करायला पहिल्या बाकावरच्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "शून्य." आणखी एकाला बोलावलं. तो म्हणाला, "शून्यच हाय, मॅडम." मग काय, वर्गाला निमित्तच हवं होतं.

"फेकायली, मॅडम! फेकायली ही!"

ती तशीच ताठ उभी होती, फक्त कान लाल झाले होते. मी विचारलं, "सात कुठून आणलंस?"

"खालून जाळ चालूय ना, मॅडम," ती म्हणाली. "मग वाढणारच की."

वर्ग पुन्हा हसला. मला हसू आलं नाही. उत्तर अगदी बरोबर विचार करून दिलेलं होतं. खाली जाळ असेल तर वर गरम होणार, हे कुणीही सांगेल. इतका वेळ शून्यच राहील हे मनाने कुणालाही सुचत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. म्हणजे हिने पाहिलंच नव्हतं. आणि न बघता बघितल्यासारखं करण्याची कला मला चांगली माहीत आहे. स्टाफरूममध्ये बारीक अक्षरातलं परिपत्रक आलं की मी शेजारणीला म्हणते, वाचा ना जरा, माझे हात खडूचे आहेत. हात कधीकधी स्वच्छ असतात.

मी प्रयोग पुरा केला, फळ्यावर त्या आकड्यांच्या शेजारी खरे आकडे लिहिले आणि कुणाला काही बोलले नाही. शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. तिच्याबरोबर तिची बाकावरची मैत्रीणही थांबली, न सांगता. ही मैत्रीण खुलताबादहून इकडे राहायला आलेल्या घरातली, बडबडी, एक वाक्य मराठीत सुरू करून दुसरं दखनीत संपवणारी.

"फळ्यावरचं वाच," मी म्हणाले.

तिने सगळा फळा घडाघडा वाचला. चूक माझीच, तिनेच सांगितलेले आकडे होते आणि खरे आकडे मी लिहिताना मोठ्याने म्हटले होते. मी फळा पुसला आणि एक साधं वाक्य लिहिलं. आता ती गप्प झाली. शेजारी मैत्रिणीचे ओठ हलायला लागले. मी मैत्रिणीला बाहेर व्हरांड्यात जायला सांगितलं. तिने दाराशी जाऊन वळून एकदम सगळं ओकून टाकलं.

"मैं बोलती मॅडम, वो लिखती. उसकू फळा दिखताइच नहीं. दो साल से मैंच बोलरी. आप उसकू मारू नको."

मी आयुष्यात कुणाला मारलेलं नाही. पण ते स्पष्टीकरण द्यायची ती वेळ नव्हती.

मुलगी खाली बघत म्हणाली, "नाय दिसत, मॅडम. आधी दिसायचं. मग धुकं आल्यावानी झालं."

टेबलावर थर्मामीटर होता. मी तो तिच्या हातात दिला आणि जवळून बघायला सांगितलं. तिने तो नाकाला टेकेल इतका जवळ नेला आणि हळूहळू फिरवला.

"मॅडम, याच्यावर रेघा हायत?"

"आहेत."

"एवढ्या?" ती म्हणाली. "मला वाटायचं नुसती काच असती, आत पारा, आन् तुम्ही लोक अंदाजानं सांगता."

मी तिच्याकडून तो घेतला आणि सवयीने हातभर लांब धरून पाहिला. व्हरांड्यातून मैत्रीण आमच्या दोघींकडे बघत होती. एक नाकाला टेकवते, दुसरी हातभर लांब नेते, म्हणजे दोघी सारख्याच, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"घरी का सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"चष्मा लागंल."

"लागू दे की."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच अडाणी आहे. "आन् भरती?"

मग ते बाहेर आलं. तिला पोलीस व्हायचं होतं. म्हणजे बारावी झाली की भरतीला उतरायचं हे घरात ठरलेलं होतं, लग्न ठरावं तसं. तिच्या मामेभावाला धावण्यात, उंचीत, सगळ्यात पास होऊन मेडिकलला डोळ्यांवरून परत पाठवलं होतं. तो आता दुसऱ्याच्या दुकानात बसतो. त्या दिवसापासून त्यांच्या घरात चष्मा हा शब्दच कुणी काढत नव्हतं. आणि रोज पहाटे ती दौलताबाद रस्त्याने पळायची. अंधार असायचा म्हणून वडील मोटारसायकल घेऊन मागे, दिव्याच्या उजेडात ती पुढे.

"पप्पांना नका सांगू, मॅडम. पप्पा लई आशेवर हायत."

मला त्या रस्त्यावरच्या वाळूच्या गाड्या आठवल्या. समोरून काय येतंय हे जिला दिसत नाही ती मुलगी त्या रस्त्यावर पळत होती. मी तिला सांगितलं की मी पप्पांना सांगणार आहे. ती रडली नाही, फक्त दप्तर उचललं. जाताना तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागला.

मी निरोप पाठवला, तसे वडील दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत आले. वॉचमनचा निळा शर्ट, पायात धूळ, हातात टोपी. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"काय केलं पोरीनं?"

"काही केलं नाही. तिला लांबचं दिसत नाही."

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणते. मीही तपासलं."

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तसं तर कुणालाच दिसत नाय."

"म्हणजे?"

त्यांनी खिडकीकडे हात केला. "आता तो डोंगर. हाय म्हणून आपल्याला म्हाईत हाय. दिसतो का तुम्हाला?"

"दिसतो," मी म्हणाले. "त्याच्यावर टॉवर आहे. टॉवरच्या खाली पत्र्याची खोली आहे."

त्यांनी डोळे बारीक केले आणि खिडकीपाशी गेले. बराच वेळ बाहेर बघत उभे राहिले. मधल्या सुट्टीचा कलकलाट चालू होता.

"खोली बी दिसती?"

"दिसते."

"मला वाटायचं लोक सवयीनं बोलत्यात."

मी विचारलं, मग मेंढरं कशी ओळखता? ते म्हणाले, आवाजावरून, चालीवरून, डोळ्यानं कोण ओळखतं. आणि हे ऐकता ऐकता माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पहाटे अंधारात तिच्या मागे मोटारसायकल चालवणारा माणूस हाच. मी जपून विचारलं, "आणि गाडी?"

"गाडीला दिवा हाय ना," ते म्हणाले.

पुढे पळणारीला दिसत नाही, मागे गाडीवर असलेल्याला दिसत नाही, आणि दोघांनाही वाटतंय की जग असंच धुरकट असतं. इतके दिवस काही झालं नाही हे कुणाच्या पुण्याईने, मला सांगता येणार नाही.

त्यांच्या मनात मात्र दुसरंच होतं. "चष्मा लागला तर भरतीचं संपलं म्हणा की."

"मला ते माहीत नाही. विचारावं लागेल."

"तिच्या मामाच्या पोराचं संपलं."

"तिचा नंबर किती आहे ते आधी बघू."

ते टोपी फिरवत राहिले. राग आला होता त्यांना, आणि तो माझ्यावर होता. काल संध्याकाळपर्यंत त्यांची मुलगी पोलिसात जाणार होती, आणि आज मी ती आशा काढून घेतली होती. मी काही समजूत घातली नाही. मला ती घालता येत नाही. सरकारी दवाखान्यात डोळ्यांची तपासणी कधी असते तेवढं सांगितलं आणि मीही येते म्हणाले. मी नसते तर ते गेले नसते, याची मला खात्री होती.

दवाखान्यात रांग लांबलचक होती. आम्ही तिघं बाकावर एका ओळीत बसलो. आधी मुलीचे डोळे तपासले, मग माझ्या आग्रहाने वडिलांचे. डॉक्टरीण तरुण होती, भराभर बोलणारी. दोघांचा नंबर तिने सांगितला तेव्हा मीच दचकले. वडील म्हणाले, "पण मला तर कायबी तरास नव्हता." डॉक्टरीण म्हणाली, "तुम्हाला नव्हता, समोरच्यांना होता."

मग मुलीने स्वतः विचारलं. "मॅडम, पोलीस भरतीत चालंल का?"

डॉक्टरणीने हातातलं काम थांबवलं, हे मला आवडलं. ती म्हणाली, "तुझा नंबर अजून वाढतोय. वाढत असताना काहीच करता येत नाही. तो एकदा थांबू दे. थांबला की डोळे पुन्हा तपासायचे, ऑपरेशन होतं का बघायचं, आणि तेव्हा भरतीचे नियम काय आहेत तेही बघायचं. आज मी तुला हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

"कधी थांबंल?" वडिलांनी विचारलं.

"दोन-तीन वर्षं धरा."

"तवर काय करायचं?"

"चष्मा लावायचा," डॉक्टरीण म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

चष्मे आले. वडिलांच्या चष्म्याचा परिणाम असा झाला की त्यांनी पहिल्याच पहाटे पळणं बंद करून टाकलं. शाळेच्या फाटकाशी मला गाठून म्हणाले, "मॅडम, या रस्त्याला एवढ्या गाड्या असत्यात व्हय? कुणी सांगितलंच नाय." त्यांचा माझ्यावरचा राग बऱ्यापैकी उतरला होता. पळण्याची जागा आमच्या शाळेच्या मैदानावर आली, उजाडल्यावर.

मुलीचा राग उतरला नव्हता. ती शाळेच्या शर्यतीत दरवर्षी दुसरी यायची. आमचे खेळाचे सर म्हणायचे, अंगात दम आहे पण शेवटी हाय खाते. कारण वेगळंच होतं, ते मला मैत्रिणीकडून कळलं. तिला मैदानावरची फक्कीची रेघ दिसायची नाही, वळण कुठं आहे ते कळायचं नाही. म्हणून ती पुढच्या मुलीची वेणी धरून, म्हणजे नजरेने धरून, तिच्या मागे पळायची. वेणीच्या पुढे कधी गेलीच नाही. त्या वर्षी डोळ्यांवर चष्मा होता, रेघा स्वच्छ दिसत होत्या. मीसुद्धा उन्हात जाऊन उभी राहिले, जे मी करत नाही.

ती तिसरी आली. घामाने चष्मा घसरत होता, एक हात सारखा नाकावर. शिवाय पहिल्यांदाच तिला बघणारे लोक दिसले, चेहऱ्यासकट, आणि ती भांबावली. शर्यत संपल्यावर तिने चष्मा काढून दप्तराच्या तळाशी टाकला. दुसऱ्या दिवसापासून वर्गात पुन्हा मैत्रिणीची कुजबुज सुरू झाली. मी तिला पहिल्या बाकावर आणलं, तर मागच्यांनी तक्रार केली की डोकं आड येतं. आणि पहिल्या बाकावर बसून तरी काय, ती माझ्याकडे बघायचीच नाही. मी काही विचारलं तर उत्तर बरोबर द्यायची, पण भिंतीला दिल्यासारखं. तिच्या लेखी मी तिची भरती खाल्ली होती. मला त्याचा त्रास झाला. मुलं रुसतात, त्याला मी सहसा भीक घालत नाही, पण घरी चहा करताना सुद्धा ते मनात यायचं. सांगितलं नसतं तर काय, असा विचार मी एकदाही केला नाही. तरीही त्रास झालाच.

परीक्षा जवळ आली तेव्हा उजळणीसाठी तोच प्रयोग पुन्हा करायचा ठरवला. पुन्हा ट्रे, डबा, टॉवेल, शाल, छावणीतली गर्दी. वह्या कपाटात, कुलूप. दिवा पेटवला आणि म्हणाले, "पारा कोण वाचणार?" बरेच हात वर झाले. मी तिचं नाव घेतलं.

"दुसऱ्या कुणाला सांगा, मॅडम," ती बसूनच म्हणाली. वर्गात खसखस पिकली. कुणीतरी हळूच म्हणालं, "साऽत."

मी तिच्या बाकापाशी गेले आणि आवाज खाली करून म्हणाले, "मला जवळचं दिसत नाही. चाळिशी लावायला मला आवडत नाही. गेल्या खेपेला तू सांगत होतीस आणि मी ऐकत होते, दोघींनाही काही दिसत नव्हतं. आज एकीला तरी दिसलं पाहिजे."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होती. म्हणजे डोळे बारीक करून.

"तुम्हाला बी दिसत नाय?"

"जवळचं नाही."

तिने मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रिणीने खांदे उडवले. मग तिने दप्तरात कोपरापर्यंत हात घातला आणि चष्मा काढला. त्याच्या दोन्ही काड्यांना मागून काळं इलॅस्टिक शिवलेलं होतं, घट्ट, बारीक टाक्यांनी. म्हणजे तळाशी पडलेल्या त्या चष्म्यावर कुणीतरी हात फिरवला होता. कुणी, ते मी विचारलं नाही. तिने तो डोक्यावरून घालून नाकावर बसवला आणि टेबलापासून हातभर लांब, ताठ उभी राहिली.

"शून्य."

मी ढवळत होते. "शून्य." फळ्यावरचा मुलगा लिहीत होता. "शून्य." पुढच्या मिनिटालाही तेच. कुणी जांभई दिली, कुणी पेनाचं टोपण पाडलं. शून्यांची ओळ फळ्याच्या मधोमध आली. ती प्रत्येक वेळी आधी पुरतं बघायची, मान जरा तिरकी करून, आणि मगच सांगायची. खाली दिवा फुरफुरत होता. मागून एक जण वैतागून ओरडला, "मॅडम, थर्मामीटर गेलाय कामातून! किती वेळ झाला, हलंनाच!"

मी उत्तर देणार होते. तिने पाऱ्यावरची नजर न काढता आधीच दिलं.

"गेला नाय. जाळ लागतोय त्याला. बर्फ हाय अजून. बर्फ सरला की चढंल."

मी पर्स उघडली, चाळिशी काढली, डोळ्यांवर चढवली आणि बीकरवर वाकले. पाण्यात सुपारीएवढा एक खडा तरंगत होता. पारा शून्याच्या रेघेवर होता.

"लिही," मी फळ्यावरच्या मुलाला म्हणाले. "शून्य."